अक्कलखाती जमा

अक्कलदाढ काढून घरी आलात? छान. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलंय. आता ते बिघडवायची जबाबदारी तुमची, आणि त्याला फार कष्ट पडत नाहीत.

भूल उतरायला दोन-चार तास लागतील. तोवर खालचा ओठ आणि अर्धी जीभ तुमच्या ताब्यात नाही. जेवून घ्यायला याहून चांगली वेळ कुठली? घासाबरोबर स्वतःचा गालही चावला जातो, पण ते कळतं संध्याकाळी. दुखण्याची गोळीही लगेच घेऊ नका. दुखतच नाहीये तर कशाला? भूल उतरण्याआधी गोळी घेतली की ठणका सुरू व्हायच्या आत औषध कामाला लागतं, आणि मग घरच्यांना धावपळ करायला लावायला निमित्तच उरत नाही.

दाढेच्या जागी गॉजची घडी ठेवून डॉक्टर म्हणाले होते, अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. तुम्ही दर पाच मिनिटांनी काढून बघा. रक्त दिसेल. रक्त थांबवायला ठेवलेल्या गॉजवर रक्त दिसलं म्हणून घाबरा, थुंका, दुसरी घडी ठेवा, पुन्हा बघा. बेसिन लालभडक होईल. त्यात बरीचशी लाळच असते, थोडंसं रक्तही तिला रंगवायला पुरतं. पण हे कुणाला सांगू नका. फोटो काढून नातेवाइकांना पाठवा.

आता खरा शत्रू. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्त साकळून एक काळपट गुठळी बसते. उघडं पडलेलं हाड आणि नसा ती झाकून ठेवते, आणि तिच्याच आधाराने खड्डा भरायला सुरुवात होते. हे सगळं ती न सांगता करते. तुमच्याकडून अपेक्षा एकच : काही करू नका. नेमकं तेच जमत नाही. एरवी उठून पाण्याचा ग्लास न घेणारा माणूस दाढ काढल्यावर भलताच उद्योगी होतो.

गुठळीला हुसकवायचं तर स्ट्रॉ उत्तम. थंडगार काहीतरी जोरात ओढा, म्हणजे पेयाबरोबर तीही वर येईल. पहिल्याच दिवशी खळखळून चुळा भरा. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा चोवीस तासांनी, त्याही हलक्या हाताने, असं सांगितलं होतं. पण स्वच्छतेला कसला मुहूर्त? सिगारेट ओढत असाल तर दुहेरी लाभ. झुरक्याने गुठळी सुटते, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे भरून यायलाही वेळ लागतो. शिवाय जीभ आहेच. दिवसभर तिला त्या खड्ड्यात पाठवत राहा. ती तशीही तुमचं ऐकत नाही.

रात्री आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून तपासणी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पांढरट-पिवळसर थर दिसतो. बहुतेक वेळा तो जखम भरत असल्याची खूण असते. तुम्ही त्याला पू समजा आणि टूथपिक घ्या.

एवढं मनापासून केलंत तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ मिळेल. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. गुठळी गेली, हाड उघडं पडलं. ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो आणि गोळी घेतल्याचं गोळीलाच आठवत नाही. खालच्या दाढांमध्ये याची शक्यता जास्त, म्हणून वरची दाढ काढलेल्यांनी थोडी अधिक मेहनत घ्यावी.

सुजेचं सोपं आहे. पहिल्या दिवशी बर्फाने शेकायचं असतं, म्हणून तुम्ही गरम पिशवी घ्या. उशा काढून सपाट झोपा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरायला लागते, तेव्हा धीर तिसऱ्या दिवशी सकाळीच सोडावा. उलट, चार दिवसांनंतरही ती वाढतच असेल, ताप असेल, गिळणं अवघड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना फोन करू नका. ते कामात असतील.

भेटायला येणारे सल्ले आणतीलच. कुणी सांगेल, अ‍ॅस्पिरिन कुटून हिरडीवर ठेव. ठेवा. हिरडी भाजते, आणि एका दुखण्यावरचं लक्ष दुसऱ्यावर जातं. येणारा प्रत्येकजण ‘आता अक्कल गेली!’ असं म्हणेल, आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं अशा चेहऱ्याने हसेल. उत्तर द्यायची सोय नाही, कारण जबडा आखडून तोंड दोन बोटं उघडेनासं झालंय. (माझ्या वेळी अकराव्या माणसानंतर मी मोजणं सोडलं.)

टाके विरघळणारे असतील तर आठ-दहा दिवसांत आपोआप निघू लागतात. त्यामुळे त्यांची सुटी टोकं ओढायला तेवढेच दिवस आहेत. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला महिने लागतात. तोवर झाला तो त्रास अक्कलखाती जमा करून टाका. खातं मात्र बंद करू नका. एक्स-रेमध्ये दुसऱ्या बाजूलाही एक आडवी झोपलेली दिसली होती ना?