‘फेलोशिप आपल्यासाठी नसते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस आमच्याकडच्या बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार विद्यार्थ्यांनी पाठवला आणि एका पालकांनीही. मजकूर थोडक्यात असा: “उन्हाळी संशोधन फेलोशिप आयआयटी-आयसरच्या पोरांसाठी असते. गावाकडच्या कॉलेजवाल्यांनी अर्ज करून वेळ घालवू नये. वशिल्याशिवाय निवड होत नाही. जायचा-राहायचा खर्च घरून करावा लागतो. तिथं दोन महिने नुसती भांडी धुवायला लावतात आणि शेवटी एक सर्टिफिकेट देतात. तसलं सर्टिफिकेट फी भरून ऑनलाइन इंटर्नशिपमध्येही मिळतं. त्यापेक्षा सुट्टीत स्पर्धा परीक्षेचा क्लास लावा.”

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हा मेसेज वाचून मला राग आला, आणि भीतीही वाटली, कारण तो नेमका अर्ज भरायच्या दिवसांत फिरतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आयआयटी-आयसरच्या पोरांसाठी असते’ हे आधी. (आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था.) देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन शिकायची संधी. कॉलेज कुठलं ही तिथे अर्जाची अट नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र, इंजिनिअरिंग, सगळ्या शाखांचे विद्यार्थी त्यात येतात. इतकंच काय, कॉलेजच्या शिक्षकांनाही त्यात जागा असते, हे आमच्या स्टाफरूममध्ये कित्येकांना ठाऊक नव्हतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४पासून ‘नियस’ नावाचा उपक्रम चालतो. तो बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आखलेला आहे. गणितवाल्यांसाठी १९९३पासून एमटीटीएसची (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरं भरतात. तिथे फळ्यावरचं उतरवून घ्यायला कोणी सांगत नाही. मुलांनाच विचारत विचारत प्रमेयापर्यंत नेतात. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला कार्यक्रम आहे, बंगळूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन केंद्राची फेलोशिप आहे. यातल्या काहींमध्ये स्पर्धा फार कडक आहे, हे खरं. पण कडक स्पर्धा वेगळी आणि बंद दार वेगळं.

मग आमची मुलं तिथे दिसत का नाहीत? माझ्या मते याचं उत्तर कॅलेंडरात आहे. अकादम्यांच्या फेलोशिपचा अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा असतो. बाकीच्यांच्या मुदती पुढे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चपर्यंत पसरलेल्या असतात. नेमकी तारीख त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी. आता आमच्याकडचा नोव्हेंबर डोळ्यांपुढे आणा. दिवाळीची सुट्टी असते, कॉलेज बंद, सर गावाला गेलेले. घरी कापसाची वेचणी चाललेली, पोरगा-पोरगी दिवसभर वावरात. शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं? हिवाळी परीक्षेचे फॉर्म डोक्यावर. मे महिन्यात कुणाचा तरी प्रयोगशाळेतला फोटो बघून आमची मुलं विचारतात, “सर, मले भरता येईन का आता?” तोवर सहा महिने उलटून गेलेले असतात. दार उघडं असतं तेव्हा आम्ही तिथे नसतो, आणि नंतर म्हणतो की ते आपल्यासाठी नव्हतंच.

वशिल्याचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात एक खरा कण आहे. अकादमीच्या अर्जात गुणांची माहिती, काय करायची इच्छा आहे याचं छोटं टिपण आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मोठ्या संस्थेतल्या मुलाला पत्र देणारे प्राध्यापक स्वतः संशोधक असतात, कसं लिहायचं ते त्यांना माहीत असतं. आमची पत्रं कशी असतात? ‘सदर विद्यार्थी हुशार, नम्र व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ मी स्वतः कित्येक वर्षं हेच लिहिलं. या वाक्यातून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि त्याचा तोटा मुलांनी सोसला. आता मी लिहितो की या विद्यार्थिनीने टायट्रेशनचं वाचन तीनदा जुळलं नाही म्हणून चौथ्यांदा द्रावण बनवलं आणि चूक ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या नळीच्या, गळतीत होती हे शोधलं. ओळख नसली तरी असं पत्र बोलतं. वशिला नाही म्हणून मुलं मागे पडत असतील, तर त्यातला निम्मा दोष आम्हा शिक्षकांनी आपल्या पदरात घ्यायला हवा.

टिपणाचंही तसंच. इंटरनेटवरून उचललेलं ‘मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे’ हे दर अर्जात असतं. आमच्या मुलांकडे लिहायला खरं काही असतं, फक्त त्याला विज्ञान म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं का? कपाशीवरची गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारणी का लागू पडत नाही? वरूड-मोर्शीकडे संत्र्याची फळगळ का होते? लोणारच्या सरोवराचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं, त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव होते, हे किती जणांनी पुढे वाचलं? ज्याच्या घरचा बोअर खारा आहे त्याने त्याबद्दल दोनशे शब्द लिहावेत. इंग्रजी मोडकं असेल तर आम्ही बसून नीट करून देतो. प्रश्न मात्र त्याचा स्वतःचा हवा.

खर्चाचं थोडक्यात. अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये मासिक विद्यावेतन मिळतं आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं मिळतं. एमटीटीएसमध्ये निवड झालेल्यांच्या राहण्या-जेवणाची सोय शिबिरातच होते. शिवाय ज्यांना बारावीच्या गुणांवर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती लागली आहे, त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. आमच्याकडे ही शिष्यवृत्ती घेणारी मुलं आहेत, पण त्या २०,००० चा अर्थ काय हे बहुतेकांना कोणी समजावलेलं नाही. मेसेजमध्ये नसलेली खरी अडचण मीच सांगतो: विद्यावेतन महिना भरल्यावर किंवा शेवटी हातात पडतं, आणि मेसचे पैसे पहिल्याच आठवड्यात भरावे लागतात. त्या चार-पाच हजारांपायी जाणं रद्द झालेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी विभागातल्या शिक्षकांनी मिळून तेवढी उसनवार द्यावी. आम्ही दोनदा दिली, दोन्ही वेळा परत आली.

आता भांडी धुण्याबद्दल. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या.

आमची एक विद्यार्थिनी पांढरकवड्याकडच्या खेड्यातली. त्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. तिने टिपणात तेच लिहिलं होतं. निवड झाली, बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत. वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, एकटी पोरगी एवढ्या दूर कायले धाडता? नागपुरात नाही का असं काही?” मी म्हणालो, “भाऊ, तुमच्या गावावरून जो ४४ नंबरचा हायवे जातो ना, तोच पुढे बंगळूरला पोचतो. वसतिगृह संस्थेच्या आवारातच आहे, तिथल्या मॅडमशी मी फोन लावून देतो, तुम्ही स्वतः बोला.” ते बोलले. दोन दिवसांनी होकार आला.

पहिल्या आठवड्यात तिला खरोखर काचेची भांडी धुवायला लावली. तिने मला फोनवर नाराजीने सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला, आवाज वेगळा होता. फ्लोराइड मोजायची एक जुनी पद्धत आहे, स्पॅड्न्स नावाची. त्यात झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याचं लालसर द्रावण असतं. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग फिका पडतो, आणि ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो फिकेपणा यंत्राने मोजता येतो. फॉस्फेट या मापनात अडथळा आणतो. भांड्याला फॉस्फेटवाल्या साबणाचा अंश राहिला तरी आकडा फसतो. म्हणजे भांडं धुणं हे त्या मोजणीचाच भाग होतं. आमच्या कॉलेजात तीन वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, पण का धुवायच्या हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं.

पुढे तिने माहीत असलेल्या प्रमाणाची द्रावणं बनवून आलेख काढला. सरळ रेघ येईपर्यंत चार दिवस गेले. सोबत ती गावच्या बोअरचं पाणी घेऊन गेली होती, प्लास्टिकच्या बाटलीत, कारण फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवत नाहीत हे तिने आधीच वाचून ठेवलं होतं. ही पद्धत लिटरमागे साधारण १.४ मिलिग्रॅमपर्यंतच नीट चालते. तिच्या गावचं पाणी आलेखाच्या टोकापलीकडे गेलं. ते पातळ करून पुन्हा मोजावं लागलं, मग जितक्या पट पातळ केलं तितक्याने त्या आकड्याला गुणावं लागलं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरतात. आपल्या आईने रोज भरलेल्या पाण्याचा आकडा पोरीने स्वतःच्या हाताने काढला. आमच्या प्रयोगशाळेत रंग मोजायचं तसलंच यंत्र आहे, आणि ते ‘खराब होईल’ म्हणून कपाटात कुलूपबंद असायचं. ती परत आली आणि तिने ते उघडायला लावलं.

यात सर्टिफिकेटचा कागद कुठे येतो? तिला मिळालाही असेल, मी पाहिला नाही.

ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट यासारखंच, असं जे मेसेजमध्ये लिहिलं आहे, ते वाक्य सगळ्यात घातक आहे. ओळखायची खूण साधी ठेवा: वर सांगितलेल्या फेलोशिपांत पैसे संस्था तुम्हाला देते. जिथे तुमच्याकडूनच ‘रजिस्ट्रेशन’, ‘प्रोजेक्ट किट’, ‘सर्टिफिकेट’ अशा नावाखाली पैसे मागतात आणि निवड अर्ज करताच होते, तिथे कागद विकत मिळतो, काम शिकायला मिळत नाही. आमच्या दोन मुलांनी असे पैसे भरले. त्यांच्या वडिलांनी ते कापूस विकून दिले होते.

स्पर्धा परीक्षेबद्दल मी वाईट बोलणार नाही. आमच्या गावांत ती पगाराची वाट आहे आणि त्या वाटेने गेलेले विद्यार्थी मला जवळचे आहेत. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आयुष्यात एकदा तरी खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने काढून मग ठरवावं, न पाहताच ठरवू नये.

दोन अडचणी मेसेजवाल्याने लिहिल्या असत्या तर मी मान खाली घातली असती. पहिली, उन्हाळी परीक्षा. आमच्या विद्यापीठांचे पेपर मे महिन्यात, कधी त्याही पुढे जातात, आणि फेलोशिप तेव्हाच सुरू होते. निवड झाल्याबरोबर मार्गदर्शकांना वेळापत्रक कळवलं तर बहुतेक जण तारखा मागेपुढे करतात; परीक्षा लपवून ठेवू नका. दुसरी अडचण जूनची. मृग लागला की घरी पेरणीला माणूस हवा असतो. ज्या घरात मजूर लावायची ऐपत नाही, तिथला पोरगा दोन महिने बंगळूरला बसू शकत नाही, आणि त्याला ‘महत्त्वाकांक्षा नाही’ म्हणणं अन्याय आहे. त्याच्यासाठी जवळची वाट शोधावी लागते. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना आपला प्रश्न लिहून थेट ईमेल पाठवावी. पन्नास पाठवल्या आणि दोनच उत्तरं आली, तरी खचू नये.

आमच्या विभागाची चावी यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे राहणार आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते एक मी तिथे असेन. कॉलेज आमचं नसलं तरी चालेल. मार्कशीट आणा, प्रयोगवही आणा, आणि आपल्या गावातला एक प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणा. वेचणी असेल तर संध्याकाळी फोन करा, वेळ बदलू.