रस्ता बोगद्याचा, गाडी ब्रॅबमची

“तुझं काय जातंय? तू तिकडे तिकीट काढून बघतोस. आम्हाला मयत न्यायची झाली तर वाट विचारावी लागेल.”

गोव्यातल्या वास्कोहून मला मेलबर्नला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तीस वर्षं दुचाक्यांचं गॅरेज चालवतोय. २०२५ साली वास्कोतल्या बोगदा नावाच्या वस्तीतल्या रस्त्यांवर फॉर्म्युला फोरची, म्हणजे नवख्या चालकांच्या रेसिंग गाड्यांची, शर्यत भरवायचं घाटलं, तिथले रहिवासी विरोधाला उभे राहिले आणि तेव्हापासून आमच्या फोनवर हा विषय काही संपत नाही. त्याचं म्हणणं चार शब्दांचं आहे. “रस्तो आमचो, मजा तांची.”

शर्यतीची बाजू घेणारे मित्रही आहेतच. त्यांचं आवडतं उदाहरण नेमकं माझंच शहर. मेलबर्नला भर वस्तीत फॉर्म्युला वन चालते, मग गोव्याच्याच पोटात का दुखावं? यावर इथून काही सांगणं भाग आहे, कारण इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी ही शर्यत होते त्या अल्बर्ट पार्कजवळच भाड्याने राहत होतो. शर्यत चार दिवसांची, पण काँक्रीटचे ठोकळे आणि जाळ्या कित्येक आठवडे आधीपासून येऊन पडायच्या. सरावाच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. तळ्यातले काळे हंस मात्र ढिम्म. तर सांगायचं हे, की ही शर्यत अ‍ॅडलेडकडून १९९६ मध्ये इथे आली तेव्हा लोकांनी ती हसत-हसत घेतली नव्हती. झाडांना पिवळ्या फिती बांधून आंदोलनं झाली. शिवाय ती चालते तळ्याभोवतीच्या उद्यानातल्या रस्त्यावर, कुणाच्या दारातून नाही. आणि दरवर्षी व्हिक्टोरिया सरकारच्या तिजोरीतून तिच्यासाठी पैसा जातो, अलीकडे वर्षाला दहा कोटी डॉलरच्याही वर. मेलबर्नचा दाखला द्यायचाच तर बिलासकट द्यावा.

तरीही दादाच्या बाजूने मी पुरता उभा राहत नाही. रस्ता अडतो म्हणून वास्कोकर चिडतात, असं म्हणणं म्हणजे वास्को न पाहिल्याचं लक्षण. श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह येतो तेव्हा स्वतंत्र पथावर पाय ठेवायला जागा नसते, फेरी भरते, वाहनं कुठून कुठे वळवलेली असतात, आणि त्याबद्दल कुणी ब्रही काढत नाही. चोवीस तास अखंड भजन चालतं, त्यात पार, म्हणजे भजनाची मिरवणूक, कुणाची, साखळी, म्हणजे गाण्याची पाळी, कुणाची, हे घराघरात ठाऊक असतं. आपलं असलं की माणूस रस्ता देतो. शर्यतीत वास्कोकराचं आपलं काय होतं?

म्हणे संघ आहे. या शर्यतीशी जोडलेल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये गोव्याच्या नावाने ‘गोवा एसेस’ आहे, मालक जॉन अब्राहम. कोलकत्याच्या संघाशी सौरव गांगुलीचं नाव जोडलेलं. दोघांबद्दल माझी तक्रार नाही. जॉनचं गाड्यांचं वेड तर खरंच आहे. पण संघमालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुसराच माणूस येतो.

मेलबर्नच्या क्रीडा संग्रहालयात मी एक गाडी पाहिली होती. हिरवी, नाकावर सोनेरी पट्टा, इतकी लहान की शेजारी आपली व्हॅगनआर दांडगी वाटावी. ब्रॅबम बीटी १९. जॅक ब्रॅबम तिला प्रेमाने ‘जुना खिळा’ म्हणायचा. हा सिडनीजवळच्या हर्स्टव्हिलचा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजात लागला, संध्याकाळी इंजिनिअरिंग शिकला, युद्धात हवाई दलात मेकॅनिक झाला, परत येऊन स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. मित्रासाठी शर्यतीची गाडी बांधली. मित्राच्या बायकोने त्याला चालवायची बंदी केली, म्हणून हा बसला. १९५९ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला तो अमेरिकेतल्या सेब्रिंगला. शेवटच्या फेरीत पेट्रोल संपलं, तर उतरून गाडी ढकलत रेषेपार नेली. १९६० मध्ये पुन्हा विजेता.

नाव झालं होतं, दुसऱ्याच्या संघात आरामात राहता आलं असतं. त्याने जुना दोस्त रॉन टॉरॅनॅकला बोलावून घेतलं आणि कारखाना काढला. गाड्यांना नावं ‘बीटी’, म्हणजे ब्रॅबम आणि टॉरॅनॅक. १९६६ मध्ये तीन लिटर इंजिनांचा नियम आला, सगळे ताकदीच्या मागे धावले. ब्रॅबमने मेलबर्नच्या रेप्को या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला गाठलं. उत्पादन बंद पडलेल्या अमेरिकी ओल्ड्‌समोबिलच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकवर त्यांनी व्ही-आठ इंजिन उभं केलं. जेमतेम तीनशे अश्वशक्ती, पण हलकं आणि कमी पेट्रोल पिणारं. म्हातारा झाला म्हणणाऱ्यांसाठी हा चाळिशीचा गडी नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला खोटी दाढी लावून, काठी टेकत गाडीपाशी आला आणि शर्यत जिंकला. त्या वर्षी याच बीटी १९ मधून तो जगज्जेता झाला. स्वतःच्या नावाच्या गाडीत जगज्जेता होणारा तो आजवर एकटाच. पुढल्या वर्षी त्याच्याच संघाचा डेनी हल्म जिंकला. १९७० च्या शेवटी ब्रॅबम निवृत्त झाला, हिस्सा टॉरॅनॅकला विकून घरी परतला. संघ पुढे बर्नी एक्लस्टनच्या, म्हणजे नंतर फॉर्म्युला वनचा सर्वेसर्वा झालेल्या माणसाच्या, हाती गेला. ती गोष्ट पैशाची आहे, तिच्यात मला रस नाही.

“हे सगळं गोऱ्यांचं,” असं दादा म्हणाला, तेव्हा मी त्याला कोइंबतूर ऐकवलं. तिथल्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन शर्यतीच्या गाड्या बांधल्या, फॉर्म्युला मारुती. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या नावाचा ट्रॅक तिथे आहे. याच गावचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. गावात लेथ आधी होते, ट्रॅक नंतर आला. गोव्यात आपण शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतोय: रस्ता बंद, पाहुणे, रोषणाई, आणि रविवारी रात्री ट्रक भरून सगळं परत. तेवढ्या पैशात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना एक शेड आणि मोकळ्या पठारावर साधा ट्रॅक मिळाला, तर मी सुट्टी टाकून येईन, आणि बोगद्याच्या लोकांची झोपही शाबूत राहील.

दादा बराच वेळ गप्प होता. मागे कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

“तो ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा म्हणालास ना? मग सिलिंडरमध्ये लायनर कसले बसवले होते?”