बारा दिवस, बारा नावं

मलबार हिलवरच्या राजभवनाचं लोकभवन झालं, त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली. साताऱ्याच्या मावसभावाचं म्हणणं, लाटसाहेबाचं पदच काढून टाका, पाटी कशाला बदलता? मग गाडी माझ्यावर घसरली. "ताई, तुमच्या कॅलिफोर्नियात बघ, गव्हर्नर निवडून येतो!"

येतो खरा. पण इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. शब्दाच्या सारखेपणावरून तुलना करायची तर जरा जपून.

मी सॅक्रामेंटोत आले तेव्हा जेरी ब्राउन गव्हर्नर होते, तेही दुसऱ्या खेपेला. घराणेशाही म्हणाल तर तीही होती; वडील पॅट ब्राउन 1959 ते 1967 याच खुर्चीवर. मुलगा आधी पाद्री व्हायला जेझुइट मठात गेला, तिथून बाहेर पडून वकील झाला आणि 1975 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, गव्हर्नर. नवा सरकारी बंगला नाकारून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला, निळ्या प्लिमथ गाडीतून हिंडला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तीनदा धडपडला, तिन्हीदा हात हलवत परत. मग हा माणूस ओकलंडचा महापौर झाला! आपल्याकडे मुख्यमंत्रिपद भोगलेला कुणी महापौर होईल? आपल्याकडे तो राज्यपाल होतो. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आधी उत्तराखंडचे मुख्यमंत्री होतेच की. ब्राउन 2011 मध्ये, बहात्तरीत, पुन्हा गव्हर्नर झाले आणि आल्या आल्या 48 हजार सरकारी मोबाइल परत मागवले.

साधेपणाच्या अशा गोष्टी आपल्याकडेही पोत्यानं मिळतात. मला हेवा वाटतो तो 12 दिवसांचा. विधेयक गव्हर्नरच्या टेबलावर आलं की 12 दिवसांत सही करा, नाहीतर कारण लिहून परत पाठवा (अधिवेशन संपताना गठ्ठा येतो, तेव्हा 30 दिवस). काहीच केलं नाही, तर सहीशिवाय कायदा होतो. फायलीवर बसून राहण्याची सोयच नाही.

आणि आपल्याकडे? नोव्हेंबर 2020 मध्ये विधान परिषदेसाठी 12 नावं कोश्यारींकडे गेली. वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, असं उच्च न्यायालयानंही सांगून पाहिलं. नावं तिथेच पडून राहिली आणि 2022 मध्ये नव्या सरकारनं यादीच मागे घेतली. विधेयकांबाबत घटनेत "शक्य तितक्या लवकर" एवढंच आहे. तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये मुदत घातली, तर नोव्हेंबरमध्ये घटनापीठ म्हणालं, अशी मुदत न्यायालयाला घालता येत नाही. म्हणजे घटनादुरुस्ती आली.

इथेही सगळे सज्जन नाहीत. 1979 मध्ये ब्राउन राज्याबाहेर असताना विरोधी पक्षाचे उपगव्हर्नर माइक कर्ब यांनी परस्पर एक न्यायाधीश नेमून टाकला होता. (पहाटेचा शपथविधी आठवला असेल.) ब्राउननी परत येऊन ती नेमणूक मागे घेतली. कोर्ट म्हणालं, कर्बना नेमायचा अधिकार होता आणि ब्राउनना मागे घ्यायचाही.

मावसभावाला लिहिलं, पद ठेवा नाहीतर काढा, पण असेल तोवर आधी ते बारा दिवस घाला. त्याचं उत्तर आलं, "बाराव्याचा दिवस आपल्याकडेही कुणी चुकवत नाही, ताई. पण त्याला आधी कुणीतरी मेलेलं लागतं."