अक्कल कशी काढावी

आपल्याला कॉमन सेन्स आहे हे सिद्ध करायचा एकच खात्रीचा मार्ग: दुसऱ्याला तो नाही हे चारचौघांत सांगणे. सोसायटीच्या गेटात कुणी स्कूटर आडवी लावली, तर खाली उतरून 'जरा बाजूला घेता का' म्हणू नका. फोटो काढा, ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, 'कॉमन सेन्स म्हणून काही असतं.' नाव घ्यायचं नाही. दहा मिनिटांत अकरा अंगठे येतात. त्यातला एक स्कूटरवाल्याचा असतो.

हे अंगठ्याचं कोडं देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६३७ सालीच सोडवून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की, जगात सगळ्यात नीट वाटप झालंय ते सुबुद्धीचं. कारण बाकी कशानेच ज्यांचं पोट भरत नाही त्यांनाही ही मात्र आहे तेवढी पुरेशी वाटते. आठवून पाहा. पगार कमी, पाणी कमी, पार्किंग कमी हे रोज ऐकता. 'मला जरा अक्कल कमी आली हो' म्हणत कुणी सेक्रेटरीकडे अर्ज केलाय?

वाद वाढलाच तर मुळावर जावं, समोरचा दमतो. सांगा, ही भानगड अ‍ॅरिस्टॉटलपासूनची आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली. साखर डोळ्याला पांढरी दिसते, जिभेला गोड लागते. पण पांढरं आणि गोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगणार कोण? डोळ्याला गोडी कळत नाही आणि जिभेला रंग. तेव्हा सगळ्या इंद्रियांचे निरोप एका जागी घेणारी एखादी सामाईक जाणीव हवी, असं त्याने मांडलं. लॅटिनमध्ये ती 'सेन्सस कम्युनिस' झाली. इब्न सिना या मध्ययुगातल्या पर्शियन वैद्याने तिला मेंदूच्या पुढच्या पोकळीत जागा दिली, देकार्तने मेंदूच्या मधोमध पिनियल ग्रंथीत. पत्ता बदलत राहिला, मालकीणबाई कुणालाच घरी सापडल्या नाहीत. (सामाईक म्हटल्यावर काय होणार? आमचा जिनाही सामाईक आहे. झाडतं कोण?)

मत जहाल असेल तर त्यालाच कॉमन सेन्स म्हणावं, हा धडा थॉमस पेनकडून घ्या. जानेवारी १७७६ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला सोडचिठ्ठी द्यावी असं सांगणारी पुस्तिका त्याने काढली. तेव्हा हे बोलणं म्हणजे सरळ राजद्रोह. नाव ठेवलं 'कॉमन सेन्स'. आता विरोध करणारा आपोआप बिनडोक ठरतो. आमच्या बिल्डिंगमध्ये हीच युक्ती लिफ्टच्या वर्गणीसाठी वापरतात.

आपल्या मराठीला मात्र या गोष्टीचं कौतुक बेताचंच. 'तारतम्य' म्हणजे नुसतं तर आणि तम, कमीजास्त ओळखणं. 'अक्कल' अरबीतून आली. तिकडे तिचं नातं उंटाचा पाय बांधायच्या दोरीशी आहे. आणि आपण तिचं खातं उघडलं. फसलो की पैसे अक्कलखाती जमा. खर्ची नाही, जमा! माझ्या या खात्यात पाय चेपणारं एक यंत्र आहे, दोनदा चाललं. शिल्लक भरपूर, पण ऐन वेळी काढता येत नाही, एवढीच अडचण.

काढायचीच असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा. गेल्या महिन्यात माझी अक्कलदाढ काढली. ही साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येते आणि बऱ्याच जणांना उपयोगाआधी ठणका देते. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज गरम काही घेऊ नका. घरी आलो. अर्धा जबडा बधिर, ओठ कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबतोय. टेबलावर चहा होता. वाफ डोळ्यांना दिसत होती, कपाचा चटका बोटांना कळत होता, जीभ मात्र गप्प होती. तिघांचे निरोप एकत्र करणारं कुणी जागेवर नव्हतं. मी घोट घेतला.

संध्याकाळी भूल उतरल्यावर ओरडलो, तशी ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाफ दिसत नव्हती का? डॉक्टरांनी सांगितलेलं काय कानात बोळे घालून ऐकलंत?"

एका दिवसात दुसऱ्यांदा माझी अक्कल काढली गेली. या खेपेला भूल न देता.