दत्तक पोरांनाही ओरडा की!

ओळखीतल्या एका जोडप्यानं नुकतंच मूल दत्तक घेतलं. कंदी पेढे वाटले, बारसं दणक्यात झालं. येणारा-जाणारा एकच म्हणत होता, "फार पुण्याचं काम केलंत हो!" वाईट हेतू कुणाचाच नसतो, मान्य. पण अशानं ज्याला अजून रांगताही येत नाही त्या बाळाच्या डोक्यावर आत्तापासून उपकार चढतात.

मी स्वतः दत्तक आहे, साताऱ्यातच वाढले. घरात लपवाछपवी नव्हती. तरीही लहानपणी सगळे म्हणायचे, "किती गुणी पोर, कधी हट्ट म्हणून नाही." गुणी कसली, भ्यालेली होते. चुलतभाऊ दोडका बघितला की ताट सरकवायचा, काकू त्याला यथेच्छ झापायची आणि थोड्या वेळानं तो तिच्याच मांडीवर लोळत असायचा. मी दोडका मुकाट गिळायचे. आपण ताट सरकवलं तर काय होईल, हे बघायची हिंमत नव्हती.

आईची अडचण वेगळीच. एकदा मार्कांवरून ती मला बोलली, तर शेजारच्या आजी जिन्यातूनच म्हणाल्या, "पोटची असती तर एवढं बोलली असतीस का गं?" झालं. तेव्हापासून आईचा आवाज खाली आला तो आलाच. मी भिऊन शहाणी, ती भिऊन गोड. एकमेकींकडे पाहुण्या आल्यासारख्या राहत होतो आम्ही.

शाळेत तर गंमतच. 1848 साली डलहौसीनं अप्पासाहेब महाराजांचा दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा केलं, हे बाई तावातावानं शिकवत होत्या आणि अर्धा वर्ग वळून माझ्याकडं बघत होता. डलहौसीला शिव्या घालणारं हेच गाव लग्नाच्या बोलणीत मात्र हळूच विचारतं, "मुलगी सख्खी का दत्तक?"

नववीत एकदाची कोंडी फुटली. सहलीला पाठवत नाही म्हणून मी दार आपटलं आणि आतून ओरडले, "तू माझी आई नाहीसच!" दत्तक घेणारा प्रत्येकजण या वाक्याला टरकून असतो. आईनं दार ढकललं. "नसेन! पण आज भांडी घासायची पाळी तुझी आहे. ऊठ!" वर अर्धा तास तोंडाचा पट्टा, आजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी रडत रडत भांडी घासली आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्यानंतर दोडका काही मी खाल्लेला नाही.

पुढं कायदा शिकताना 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हातात आला. कलम 15. रीतसर झालेलं दत्तकविधान आईबापांना रद्द करता येत नाही, आणि मुलालाही ते नाकारून जन्माच्या घरी परत जाता येत नाही. इतक्या कोरड्या कलमावर माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. हे मला दोडक्याच्या वयात कुणी सांगायला हवं होतं.

आता 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ऑनलाइन पद्धत आहे, 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन अहवाल करते. चांगलंच आहे. पण खरी परीक्षा तेरा-चौदाव्या वर्षी लागते, तेव्हा विचारायला कोण येतं? येतात ते नातेवाईक, आणि तेही "बघा हं, रक्त शेवटी रक्त" म्हणायला. कुणाच्या पोटच्या पोरानं दार आपटलं की ते वय असतं, आमच्यासारख्यानं आपटलं की लगेच रक्त आठवतं.

आणि हो, "खरे आईवडील शोधणार का?" हा प्रश्न. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. मी अजून केलेला नाही, करीनही कदाचित. आईला विचारलं तर म्हणाली, "कर की. फक्त मे महिन्यात नको, सांडगे-पापड असतात. आणि एकटी जाऊ नकोस, मी येते."