मॅच कुणाची?

आमच्या घरात मॅच म्हणजे क्रिकेट. त्यामुळे लेक एमबीबीएस होऊन म्हणाली, "बाबा, मी यंदा मॅचला अप्लाय करतेय", तेव्हा मी रिमोट शोधायला लागलो.

ही मॅच अमेरिकेतली. डॉक्टरांनी पुढच्या प्रशिक्षणासाठी हॉस्पिटलांकडे अर्ज करायचे, मुलाखती द्यायच्या, मग दोन्ही बाजूंनी पसंतीची यादी भरायची आणि कॉम्प्युटरने जोड्या लावायच्या. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेलं हे गणित, तेही चक्क लग्नं जुळवण्याचं! शॅप्लींना २०१२ साली नोबेल मिळालं. आमची डोंबिवलीची मावशी हेच काम पन्नास वर्षं करतेय, तिला कुणी धड साडी नेसवली नाही.

पायाच्या डॉक्टरांची तिथे पदवी वेगळी आणि मॅचही वेगळी. हे ऐकून आमच्या हिने लगेच विचारलं, "मग गुडघा कुणाकडे?"

लेकीने इंटर्नल मेडिसिनसाठी, म्हणजे आपल्याकडच्या एमडी मेडिसिनसारख्या शाखेसाठी, १२० ठिकाणी अर्ज केले. पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर, त्यापुढच्या प्रत्येकाला ३०. आमचा भाजीवाला जास्त घेतलं की भाव उतरवतो, हे चढवतात! एकूण ३,०३० डॉलर. शिवाय 'तुम्हीच आमचे आवडते' असं कळवायला १५ सिग्नल : ३ सोन्याचे, १२ चांदीचे. म्हटलं, आता मानपान तेवढा राहिला.

मुलाखती झूमवर. तिथल्या पूर्व भागातले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे नेमकी कुकरची वेळ. पहिल्याच मुलाखतीत "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" या प्रश्नाला आमच्या कुकरने तीन शिट्ट्यांत उत्तर दिलं. त्यानंतर साडेसहालाच वरणभात शिजायचा आणि आम्ही दोघं बेडरूममध्ये खाणाखुणांनी भांडायचो. आवाज नसला की भांडणात रंगत राहत नाही, हे तेव्हा कळलं.

पण खरा छळ मार्चमध्ये. सोमवारी मेल येतो : तुमचं जुळलं. कुठे, ते शुक्रवारी! लग्न ठरलंय, मुलगा चार दिवसांनी दाखवू. आणि मुलगा दिसल्यावर नाही म्हणायची सोय नाही, यादी भरली तेव्हाच शब्द दिलेला असतो. मंगळवारी मावशीचा फोन आला, "स्थळ कुठलं?" "अमेरिकेतलं." "अगं बाई, एवढ्या मोठ्या देशात गाव नाही का त्यांना?"

शुक्रवारी रात्री साडेनऊला मेल उघडला. लेक किंचाळली, ही रडली, मी चष्मा शोधत होतो. पाठोपाठ बेल वाजली. शेजारचे अण्णा दारात.

"एवढा आरडाओरडा! मॅच कोण जिंकलं?"

"मिशिगन."

"ही कुठली नवी टीम?" म्हणत ते सोफ्यावर बसले. हिने त्यांच्यासाठीही भात लावला. कुकरची शिट्टी झाली आणि लेक सवयीने दचकून लॅपटॉपचा माइक बंद करायला धावली.