दोन बॅटऱ्या आणि दोन्ही एकदमच डाऊन

किल्ली फिरवली तर सेल्फने नुसतं टक् केलं. परत फिरवली, परत टक्. बोटीत एक सोडून दोन बॅटऱ्या आहेत! दुसरी घेतली ती नेमकी याच वेळेसाठी. मल्टिमीटर लावला. पहिली ११.४ व्होल्ट, दुसरीही ११.४. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पडून असताना १२.६च्या वर असेल तर भरलेली, १२.२ला जवळपास निम्मी. ११.४ला इंजिन सुरू होणार कसं? रात्रभर फ्रिज आणि दिवे दोन्हींवर चालले, कारण बॅटऱ्यांचा मेन स्विच (फिरवून एक, दोन, बोथ किंवा ऑफ निवडायचा) 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही एकत्र जोडून होता.

आणि तो 'बोथ'वर का होता? वायरिंग करून देणाऱ्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "कायम बोथवर ठेवा, बघायलाच नको." अरे, मग दोन बॅटऱ्यांची एकच मोठी बॅटरी केलीस ना तू! त्यात एक जुनी, एक नवी. जुनी स्वतः उतरते आणि नवीलाही सोबत ओढून नेते. 'बोथ' हा अडीअडचणीला, इंजिन चालू करण्यापुरता असतो. एवढं साधं ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या बोटीला हात का लावावा?

मग पॅनल उघडलं आणि डोकंच फिरलं. एका टर्मिनलवर चार लग (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्या) एकावर एक, वरून हाताने आवळलेला पंखांचा नट. इंजिनाच्या हादऱ्याने तो सैल होणार हे शेंबडं पोरही सांगेल. पॉझिटिव्हवर फ्यूज कुठेच नाही. वायर घरात वापरतात तीच साधी तांब्याची, कल्हई नसलेली. एका लगपाशी इन्सुलेशन सोललं तर आत हिरवी पूड, बोटाने चोळली तर तारा गळून पडल्या. कुठल्या वायरला चिठ्ठी नाही, सगळ्या लाल.

पण खरा संताप आला तो बिल्ज पंपाचा, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा. बोट बांधून निघताना मेन स्विच ऑफ करायचा, ही साधी रीत आहे. याने पंपाची वायर त्या स्विचच्या पुढून घेतली होती! म्हणजे मी स्विच ऑफ करून निघालो की पंप मेला. तळात पाणी साचलं, पंप चालू करणारा फ्लोट (तरंगता स्विच) वर आला, तरी पंपाला करंटच नाही. किती वेळा मी बोट अशी एकटी सोडून गेलो असेन, आठवलं की आत्ताही हातपाय गार पडतात. पंप थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजमधून, यात दुसरं मत असूच शकत नाही. बोट बुडवायचं काम आहे हे, आणि त्याचे पैसे घेतलेत!

शिवाय इंजिन चालू असताना हा मेन स्विच ऑफवरून फिरला तर आल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड उडू शकतात, हेही मला कोणी सांगितलं नाही. मीच वाचून शोधून काढलं.

हे नीट करणं काही अवघड नाही हो. इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनाला. फ्रिज, दिवे, रेडिओ सगळं दुसरीवर. मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले: चार्जिंग सुरू झालं की १३.३च्या आसपास दोन्ही बॅटऱ्या जोडतो, व्होल्टेज १२.८च्या आसपास उतरलं की तोडतो. रात्री दिवे विसरलात तरी सकाळी इंजिन सुरू होतं. रिले जोडायचं काम एका दुपारचं आहे. ते टाळून याने मला भर पाण्यात अडकवलं.

फोन केला तर म्हणतो, "इतके दिवस चालत होतं ना?" मी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडून भलतंच निघालं असतं.

पंपाची वायर आजच बदलली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवला. स्विच ऑफ ठेवून फ्लोट हाताने वर उचलला आणि पंप घरघरला. बाकीच्या लाल वायरी उद्या सकाळपासून एकेक करून उपटतो.